लॉरेलच्या तेलात लवंगेचा वास: एक प्रकरण अभ्यास

प्रयोगशाळेत लॉरेलच्या पानांच्या सुगंधी तेलाचे दोन नमुने आहेत. 'क' हा नमुना ओळख पटवलेल्या पानांपासून तिथेच काढलेला आहे. 'ख' बाटलीबंद आला असून त्याच्या लेबलवर लॉरस नोबिलिस, पानांचं तेल असं लिहिलं आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर कागदी चकतीची चाचणी केली तेव्हा 'क'भोवती ९ मिमीचं स्वच्छ वर्तुळ दिसलं आणि 'ख'भोवती १७ मिमीचं. चकतीच ६ मिमीची असल्याने 'क'चा परिणाम जेमतेम म्हणावा असा. 'ख'च्या रासायनिक अहवालात अल्फा-टर्पिनाइल ॲसिटेट हा सुगंधी घटक 'क'च्या दुपटीहून जास्त होता. त्यावरून मसुद्यात वाक्य लिहिलं गेलं: टर्पिनाइल ॲसिटेट जास्त असलेलं लॉरेल तेल जिवाणूंवर अधिक प्रभावी ठरतं.

हे वाक्य चुकीचं होतं. ते कुठे आणि कसं चुकलं, याचा हा तपास. यातले आकडे उदाहरणादाखल मांडले आहेत, पण अशा तेलांमध्ये नेहमी दिसणाऱ्या मर्यादेतलेच आहेत.

आधी नावाचा गुंता

लॉरस नोबिलिस हे भूमध्य समुद्राच्या परिसरातलं सदाहरित झाड. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. इंग्रजीत त्याच्या पानाला 'बे लीफ' म्हणतात, आणि हाच शब्द आपल्या तमालपत्रालाही लावला जातो. तमालपत्र मात्र दालचिनीच्या कुळातल्या सिनॅमोमम तमाला या झाडाचं. हातात पान असेल तर फरक चटकन कळतो: तमालपत्रात देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात, तर लॉरेलमध्ये मधली एक शीर आणि तिच्यातून फुटणाऱ्या बाजूच्या शिरा. कॅलिफोर्नियातलं अंबेल्युलेरिया आणि वेस्ट इंडीजमधलं पिमेंटा रेसिमोसा हीसुद्धा 'बे'च. तेलाच्या व्यापारात तर आणखी पंचाईत आहे. आयएसओ ३०४५ या मानकातलं 'ऑइल ऑफ बे' म्हणजे पिमेंटाचं तेल. लॉरेलचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिवाय लॉरेलच्या फळांपासून निघणारं, साबणात वापरलं जाणारं घट्ट हिरवट तेल हे मेदतेल आहे. त्यात लॉरिक आम्लाची ग्लिसराइडं असतात आणि पानांच्या सुगंधी तेलाशी त्याची तुलनाच होत नाही.

'क' कसा काढला

सावलीत वाळवलेली १०० ग्रॅम पानं ऊर्ध्वपातनाच्या अगदी आधी हाताने चुरली आणि १ लिटर पाण्यात घालून क्लेव्हेंजर उपकरणात (यात वाफेबरोबर आलेलं तेल वेगळं होऊन पाणी भांड्यात परततं) ३ तास उकळत ठेवली. थेंब पडण्याचा वेग मिनिटाला २ ते ३ मिलि राखला. तेल निघालं १.६ मिलि. ते निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून गडद काचेच्या कुपीत, काठोकाठ भरून ४° से.ला ठेवलं.

पानं मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत दळली तर तैलग्रंथी फुटून हलके टर्पीन (सुगंधी तेलातली हायड्रोकार्बनं) दळतानाच उडतात, आणि उकळताना फेस येतो तो वेगळाच. दुसरी चूक जास्त महागात पडते. १,८-सिनिओल हा लॉरेल तेलाचा मुख्य घटक, आणि तो पाण्यात लिटरला सुमारे ३.५ ग्रॅम विरघळतो. १०० ग्रॅम पानांतून निघणारं सगळं तेल दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी परत भांड्यात न सोडता बाहेर काढत राहिलं, तर मुख्य घटकाचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबरच निघून जातो. क्लेव्हेंजरची परतीची नळी असते ती यासाठी.

वेळेचाही हिशेब ठेवावा लागतो. पहिल्या तासात सिनिओल आणि पायनीन, सॅबिनीनसारखी हायड्रोकार्बनं भराभर येतात; मिथाइल युजेनॉल आणि सेस्क्विटर्पीन मागून येतात. तासाभरात उपकरण बंद केलं तर तेल 'सिनिओलप्रधान' दिसतं, त्यात पानाचा काही गुण नसतो. उलट फार वेळ उकळत ठेवलं, विशेषतः पाणी आम्लधर्मी होत गेलं, तर टर्पिनाइल ॲसिटेट फुटून अल्फा-टर्पिनिऑल बनतं आणि सॅबिनीनचं टर्पिनिन-४-ऑल व टर्पिनीनमध्ये रूपांतर होतं. अहवालात दिसणारे हे घटक काही अंशी पानातले असतात आणि काही अंशी भांड्यात तयार झालेले.

पहिला अहवाल

गॅस क्रोमॅटोग्राफ तेलाची वाफ कॉलम नावाच्या लांब बारीक नळीतून नेऊन घटक एकेक करून सुटे करतो. घाईच्या पद्धतीत त्याचं तापमान मिनिटाला १०° ने वाढवलं होतं आणि स्प्लिट (नमुन्याचा किती भाग कॉलममध्ये सोडायचा ते प्रमाण) १:१० ठेवला होता. नावं मास स्पेक्ट्रोमीटरच्या (रेणूंचे तुकडे करून त्यांची वस्तुमानं मोजणाऱ्या यंत्राच्या) ग्रंथालयाने सुचवली तशीच घेतली. रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे अल्केनांच्या तुलनेत घटक कॉलममधून केव्हा बाहेर पडतो ते सांगणारा निर्देशांक, काढलाच नव्हता. दुसऱ्या वेळी कॉलम तोच होता (३० मीटर, ०.२५ मिमी व्यास, ५ टक्के फिनाइलचा थर), पण तापमान ६०° पासून मिनिटाला ३° ने, स्प्लिट १:५०, सोबत आठ ते वीस कार्बनांच्या अल्केनांचं मिश्रण, आणि टक्केवारी एफआयडी या ज्योतीच्या संवेदकाने नोंदलेल्या शिखरांच्या क्षेत्रफळावरून.

| घटक | 'क' | 'ख', पहिली वेळ | 'ख', दुसरी वेळ |
|---|---|---|---|
| अल्फा-पायनीन | ४.६ | २.८ | २.७ |
| सॅबिनीन | ८.२ | ५.५ | ५.६ |
| बीटा-पायनीन | ३.७ | २.२ | २.१ |
| मायर्सीन | ०.८ | ९.४ | ९.२ |
| लिमोनीन | १.६ | नोंद नाही | २.१ |
| १,८-सिनिओल | ५२.१ | ३३.९ | ३१.८ |
| लिनालूल | ३.४ | ३.० | ३.१ |
| टर्पिनिन-४-ऑल | २.६ | १.९ | १.८ |
| अल्फा-टर्पिनिऑल | ३.१ | २.१ | २.० |
| चॅव्हिकॉल | नाही | 'अनोळखी' ६.६ | ६.८ |
| अल्फा-टर्पिनाइल ॲसिटेट | ११.० | २४.४ | ६.३ |
| युजेनॉल | १.० | नोंद नाही | १८.१ |
| मिथाइल युजेनॉल | ३.२ | २.१ | २.२ |

पहिल्या वेळचा २४.४ हा आकडा एका घटकाचा नव्हताच. या कॉलमवर टर्पिनाइल ॲसिटेटचा रिटेन्शन इंडेक्स १३४६ आणि युजेनॉलचा (लवंगेच्या वासाचा घटक) १३५६. अंतर दहा एककांचं. मिनिटाला ३° ने तापवलं आणि नमुना बेताचा सोडला तर ती दोन वेगळी शिखरं होतात. मिनिटाला १०° आणि वर कॉलम ओसंडून वाहील इतका नमुना, तर दोघांचं मिळून एकच रुंद, पुढे झुकलेलं शिखर. ग्रंथालयाशी जुळवण्यासाठी शिखराच्या चढाच्या बाजूचा वर्णपट घेतला होता आणि तिथे टर्पिनाइल ॲसिटेटचे ४३, ९३ आणि १२१ या वस्तुमानांचे तुकडे ठळक होते. जुळणी उत्तम आली. उताराच्या बाजूचा वर्णपट कुणी उघडून पाहिला असता तर १६४ आणि १४९ दिसले असते, म्हणजे युजेनॉल. लिमोनीन आणि सिनिओल यांचंही तसंच. त्यांचे निर्देशांक १०२४ आणि १०२६. अध्रुवीय कॉलमवर ते मंद तापवूनही नीट सुटत नाहीत. दुसऱ्या वेळचे त्यांचे वेगळे आकडे ध्रुवीय मेणासारख्या थराच्या कॉलमवरून घेतले आहेत. त्याच कॉलमवर युजेनॉलचा निर्देशांक २१०० च्या पुढे जातो आणि टर्पिनाइल ॲसिटेट १७०० च्या आसपास राहतं. मग चुकायला वावच उरत नाही.

खरं तर पहिल्याच तक्त्यावर शंका घ्यायला जागा होती. लॉरेलमध्ये मायर्सीन एखाद्या टक्क्याच्या आसपास असतं. इथे ते नऊ. साडेसहा टक्क्यांचं शिखर 'अनोळखी' म्हणून सोडून द्यायचं नसतं, इतक्या मोठ्या घटकाचं नाव लागेपर्यंत अहवाल अपुराच धरावा. आणि सिनिओल व टर्पिनाइल ॲसिटेटचं प्रमाण १.४ ला १ हे लॉरेलपेक्षा वेलदोड्याच्या तेलाशी जवळचं. लॉरेलच्या तेलात महागडं वेलदोड्याचं तेल मिसळण्याचा तोट्याचा धंदा कोण करेल? उत्तर विचित्र येतंय म्हटल्यावर मापन पुन्हा तपासायचं, इतकं तरी त्यातून कळायला हवं होतं. दुरुस्त तक्त्यात हे प्रमाण ५ ला १ येतं आणि 'क'मध्ये ४.७ ला १. म्हणजे 'ख'मधला लॉरेलचा भाग लॉरेलसारखाच आहे, त्यात भर पडली आहे ती दुसऱ्या कशाची तरी.

कशाची भर?

युजेनॉल म्हटलं की पहिला संशय लवंगेवर जातो, वासही तोच. पण लवंगेच्या तेलात युजेनॉलबरोबर बीटा-कॅरिओफिलीन आणि युजेनाइल ॲसिटेट येतंच, आणि 'ख'मध्ये त्यांचं प्रमाण नगण्य होतं. तमालपत्राच्या तेलाचे प्रकार निरनिराळे आहेत, काहींत युजेनॉल भरपूर, काहींत लिनालूल किंवा सिनॅमाल्डिहाइड. पण चॅव्हिकॉल आणि मायर्सीन अशी जोडी त्यांत मिळत नाही. युजेनॉल, चॅव्हिकॉल आणि मायर्सीन हे त्रिकूट म्हणजे पिमेंटा रेसिमोसा. चॅव्हिकॉलची खात्री रिटेन्शन इंडेक्स १२५० च्या जवळ आणि वर्णपटात १३४, १३३, १०७ या तुकड्यांवरून होते. पिमेंटाच्या तेलात युजेनॉल साधारण ४० ते ५० टक्के धरलं, तर 'ख'मध्ये त्या तेलाचा वाटा पस्तीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या दरम्यान निघतो.

हे मुद्दाम केलं की दोन 'बे' तेलं एकच समजून कुणी एका पिंपात ओतली, हे रसायनशास्त्र सांगू शकत नाही. अहवालात 'भेसळ' हा शब्द न वापरता 'पिमेंटा रेसिमोसाच्या तेलाशी सुसंगत घटक' असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

महागडं यंत्र नसतानाही ही शंका अर्ध्या तासात तपासता येते. लांब, मापांकित मान असलेल्या कॅशिया चंबूत १० मिलि तेल घ्या, ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालून नीट हलवा, मग आणखी द्रावण घालून न विरघळलेलं तेल मानेत चढवा आणि थर स्थिर होऊ द्या. फिनॉलं (इथे युजेनॉल आणि चॅव्हिकॉल) क्षार बनून पाण्यात उतरतात आणि उरलेलं तेल मानेत मोजता येतं. 'क'मधलं जवळपास सगळं उरलं. 'ख'चं ७.८ मिलि उरलं, म्हणजे सुमारे २२ टक्के आकारमान गेलं. क्रोमॅटोग्राफीत युजेनॉल आणि चॅव्हिकॉल मिळून २४.९ टक्के होते, ही फिनॉलं उरलेल्या तेलापेक्षा जड (युजेनॉलची घनता १.०७ च्या जवळ) असल्याने आकारमानात ती थोडी कमी भरतात आणि हिशेब जुळतो. घनताही बोलते: 'क' ०.९१५, 'ख' ०.९३६. आळस केला आणि द्रावण गरम असताना किंवा रात्रभर तेलासोबत ठेवलं, तर टर्पिनाइल ॲसिटेटसारखी एस्टरंही फुटतात आणि फिनॉलांचा अंदाज फुगतो. थंड द्रावण, थोडा वेळ, आणि लगेच वाचन.

जिवाणूंची चाचणी पुन्हा, नीट

चकतीची चाचणी सुगंधी तेलांसाठी फसवी आहे. तेल अगारमध्ये पाण्यासारखं पसरत नाही, हलके घटक रात्रभरात उडून जातात, आणि वर्तुळाचा आकार जिवाणूविरोधी ताकदीइतकाच पसरण्याच्या क्षमतेवर ठरतो. सिनिओल लवकर उडतं, युजेनॉल रेंगाळतं. 'ख'चं वर्तुळ मोठं दिसण्यात याचाही वाटा होता.

म्हणून ९६ खळग्यांच्या पट्टीत द्रव माध्यमातली पातळीकरण चाचणी केली. तेल तोलून घेतलं, थेंबांनी मोजलं नाही, ०.५ टक्के ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) असलेल्या माध्यमात २० मिग्रॅ/मिलि पासून प्रत्येक पायरीला निम्मं करत ०.१६ पर्यंत उतरवलं. शेवटी प्रत्येक खळग्यात मिलिलिटरला ५ लाख जिवाणू. सोबत नुसतं माध्यम, माध्यम व ट्वीन, आणि माहीत असलेलं प्रतिजैविक असे नियंत्रक खळगे.

पहिल्या पट्टीत गडबड झाली होती, ती अशी. 'ख'चे सर्वांत तीव्र खळगे 'क'च्या सर्वांत सौम्य खळग्यांना खेटून होते आणि झाकण सैल होतं. बाष्पाने शेजारचे जिवाणू दबले, आणि 'क'च्या वाचनात मध्येच वाढ, मध्येच शुकशुकाट असं चित्र दिसलं. दोन तेलांमध्ये माध्यमाची एक रिकामी ओळ ठेवून आणि चिकटपट्टीने पट्टी बंद करून पुन्हा केल्यावर वाचन सरळ झालं. ट्वीन वाढवण्याचा मोह टाळावा. जास्त ट्वीनच्या गोळ्यांमध्ये तेल अडकून बसतं आणि क्रिया खोटीच कमी दिसते.

स्टॅफिलोकॉकसवर किमान रोधक मात्रा (ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबते ती) 'क'ची १० मिग्रॅ/मिलि, 'ख'ची २.५. या पद्धतीत एका पायरीचा फरक नेहमीच्या चढउतारात मोडतो. चाचणी तीनदा केली आणि तिन्ही वेळा दोन पायऱ्यांचा फरक टिकला, म्हणून तो खरा धरला. ई. कोलायवर २० आणि ५. स्यूडोमोनास एरुजिनोसावर दोन्ही तेलं २० पर्यंतही निष्प्रभ. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाहेरच्या पटलातले लिपोपॉलिसॅकराइड तेलकट रेणूंना अडवतात, आणि स्यूडोमोनासकडे आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंपही असतात.

आता निर्णायक भाग. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने फिनॉलं काढलेलं 'ख' उदासीन होईपर्यंत पाण्याने धुतलं, सुकवलं आणि त्याच पट्टीत लावलं. रोधक मात्रा १० वर गेली, 'क'इतकी. धुतलेलं द्रावण आम्ल करून फिनॉलं परत मिळवली आणि ती वेगळी तपासली, तेव्हा ०.६३ ला वाढ थांबली. २.५ मिग्रॅ 'ख'मध्ये युजेनॉल ०.४५ आणि चॅव्हिकॉल ०.१७, मिळून ०.६२. म्हणजे 'ख'ची सगळी जास्तीची ताकद त्याच्या पाव भागात होती आणि उरलेलं तेल 'क'सारखंच वागत होतं. तिसरी पडताळणी उलट दिशेने: 'क'मध्ये युजेनॉल घालून ते १८ टक्क्यांवर नेलं. मात्रा ५ आणि २.५ यांच्यामध्ये फिरत राहिली, चॅव्हिकॉल नसल्याने तेवढी कसर अपेक्षितच.

सिनिओल तेलाचा निम्मा भाग असूनही जिवाणूंवर फारसं काही करत नाही, हे यात नवं नाही. त्याची ओळख वेगळ्या कामांसाठी आहे: त्वचेतून इतर पदार्थ आत जाण्याला ते मदत करतं, ॲसिटाइलकोलिनएस्टरेज या विकराला काही प्रमाणात रोखतं, आणि धान्यातल्या किडींवर त्याच्या बाष्पाचा परिणाम होतो. ज्या चाचणीत बाष्प मोकळं सुटतं तिथे त्याचं मोजमाप होतच नाही.

ऑक्सिडीकरणविरोधी चाचणीचा आरसा

डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग ऑक्सिडीकरणविरोधी पदार्थाने उडतो. त्याच्या ०.१ मिलिमोलर मिथेनॉल द्रावणात ३० मिनिटांनी ५१७ नॅनोमीटरवर रंग निम्मा करायला 'क' १.१ मिग्रॅ/मिलि लागलं आणि 'ख' ०.०६२. अठरा पटींचा फरक. युजेनॉलचं प्रमाणही १.० आणि १८.१. दोन्ही तेलांत निम्म्या टप्प्यावर युजेनॉल मिलिलिटरला ११ मायक्रोग्रॅमच भरतं. लॉरेल तेलावरची ही चाचणी बहुतांशी युजेनॉल मोजण्याचाच आडवळणी मार्ग असते. चॅव्हिकॉलही फिनॉल आहे, पण शेजारी मिथॉक्सी गट नसल्याने या चाचणीत ते मंद राहतं. मिथाइल युजेनॉलमध्ये तर फिनॉलचा हायड्रॉक्सिल झाकलेला असल्याने ते जवळपास गप्पच. गॅमा-टर्पिनीनसारखे घटक मेदाच्या ऑक्सिडीकरणाची साखळी वेगळ्या मार्गाने तोडतात आणि ते डीपीपीएचमध्ये दिसत नाही, म्हणून या एका आकड्यावरून तेल तेलकट पदार्थ टिकवेल की नाही हे ठरवू नये.

'क'सुद्धा निर्धोक नाही

या सगळ्यात खऱ्या लॉरेलमधल्या मिथाइल युजेनॉलकडे दुर्लक्ष व्हायला नको. यकृतात या रेणूवर आधी हायड्रॉक्सिल आणि मग सल्फेट गट बसतो, आणि त्यातून डीएनएला चिकटणारा धनभारित तुकडा तयार होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये त्याला २बी ('कदाचित कर्करोगकारक') गटात ठेवलं होतं, २०२३ मध्ये २ए ('बहुधा कर्करोगकारक') गटात नेलं. युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अत्तरं आणि सुगंधी क्रीम सोडून त्वचेवर राहणाऱ्या इतर उत्पादनांत त्याची मर्यादा ०.०००२ टक्के आणि धुऊन टाकल्या जाणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्के. 'क'मध्ये ते ३.२ टक्के, म्हणून १ किलो क्रीममध्ये हे तेल जास्तीत जास्त ६२ मिलिग्रॅम, म्हणजे दोनतीन थेंब. साबणात ३१० मिलिग्रॅम. जिवाणूंची वाढ थांबवायला १ टक्का द्रावण लागतं आणि त्वचेवर राहणाऱ्या क्रीमची परवानगी त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. जिवाणूविरोधी क्रीमचा बेत इथेच संपतो. सिनिओलप्रधान तेल तान्ह्या बाळांच्या नाकाजवळ किंवा चेहऱ्याला लावू नये, हे वेगळं सांगायला हवं. लॉरेलने उठणाऱ्या ॲलर्जीचं कारण मात्र बहुतेक वेळा कॉस्टुनोलाइडसारखे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन असतात, आणि ते फळांच्या तेलात व पानांच्या अर्कात जास्त, ऊर्ध्वपातित तेलात अगदी थोडे.

नोंदीत काय बदललं

मसुद्यातलं टर्पिनाइल ॲसिटेटचं वाक्य काढलं. 'ख'चे सगळे जैविक आकडे लॉरेलच्या तक्त्यातून हटवून 'मिश्र तेल' या वेगळ्या ओळीत ठेवले, कारण ते आकडे चुकीचे नाहीत, फक्त त्यांच्यावरचं नाव चुकीचं आहे. 'क'ची क्रिया 'स्टॅफिलोकॉकसवर सौम्य' अशी नोंदली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक लॉरेल तेलासाठी आता दोन गोष्टी आधी होतात: कॅशिया चंबूत फिनॉल मोजणं, आणि क्रोमॅटोग्राममध्ये १६४ व १३४ या वस्तुमानांचे वेगळे आलेख काढून टर्पिनाइल ॲसिटेटच्या पाठीमागे आणि १२५० च्या आसपास पाहणं. १२५० ला रेघ सपाट असेल आणि टर्पिनाइल ॲसिटेटच्या पाठीमागे युजेनॉलचं शिखर 'क'मधल्याइतकंच छोटं असेल, तरच जिवाणूंची पट्टी लावायची.